पोटदुखीचा केसपेपर

अचानक पोट दुखू लागलेला रुग्ण समोर आला की सर्जनला त्या घडीला एकच गोष्ट ठरवायची असते: आज रात्रीच पोट उघडायचं, की सकाळपर्यंत थांबायचं. आजाराचं नेमकं नाव नंतर कळलं तरी चालतं. उघडलं आणि आत काहीच निघालं नाही, तर धडधाकट माणसाच्या पोटावर विनाकारण टाके पडतात. थांबलं आणि अपेंडिक्स फुटलं, तर पू पोटभर पसरतो आणि साधं दुखणं जिवावर बेततं. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन येण्याआधी हा निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर व्हायचा. रुग्ण काय सांगतो, आणि डॉक्टरच्या बोटांना काय लागतं.

या निर्णयात डॉक्टरला मदत करणारा संगणक इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 1971 साली प्रत्यक्ष रुग्णांवर वापरून पाहिला गेला होता. कृत्रिम बुद्धिमत्ता वैद्यकात येणार, डॉक्टरची जागा घेणार, असं हल्ली रोज कानावर पडतं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लीड्सचं नावही ऐकलेलं नसतं. मी सर्जन आहे, आयुष्यभर पोटंच तपासली. माझ्या मते त्या यंत्राची हकीकत नीट समजून घेतल्याशिवाय आज रुग्णालयांत येणाऱ्या यंत्रांबद्दल शहाणपणानं काही ठरवता येणार नाही. म्हणून ती सविस्तर सांगतो.

आमचं शिक्षण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात झालं, सत्तरच्या दशकात. आमचे सर रुग्णाच्या पोटाला हात लावण्याआधी आम्हाला तळवे एकमेकांवर चोळून गरम करायला लावत. गार हात लागला की पोट आपोआप आक्रसतं आणि खरी कडकपणाची खूण हरवते. दाबताना नजर पोटावर नव्हे, चेहऱ्यावर ठेवायची, कारण रुग्ण तोंडानं ‘नाही दुखत’ म्हणतो तेव्हाही कपाळावर आठी उमटते. झॅकरी कोप यांचं 1921 सालचं पोटाच्या तातडीच्या दुखण्यांवरचं पुस्तक सरांना जवळजवळ पाठ होतं. ते बिछान्यापाशी दोन-तीन प्रश्न विचारत, पोट चाचपत, आणि ‘घ्या टेबलवर’ किंवा ‘राहू दे, सकाळी बघू’ असं सांगून पुढे जात. बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरे. पण त्यांना ते कसं कळलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणत, ‘अरे, बघून बघून येतं.’

हे ‘बघून बघून’ म्हणजे नक्की काय, ते आकड्यांत मांडता येईल का, हा प्रश्न तोवर परदेशात काही जणांना पडलेला होता. अमेरिकेत रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड या दोघांनी 1959 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा लेख लिहून निदानामागचं तर्कशास्त्र उलगडलं. लेडली दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेले, लस्टेड क्ष-किरणतज्ज्ञ. त्यांनी आधार घेतला तो थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या गणिताचा. बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये छापला गेला. पुढे 1961 साली सॉल्ट लेक सिटीत होमर वॉर्नर यांनी त्याच गणितानं जन्मजात हृदयदोषांचं निदान करून दाखवलं. पण हृदयाचे ते रुग्ण तुलनेनं निवांत तपासता येत. मध्यरात्री कण्हत आलेल्या माणसावर हे जमेल का, हे कुणी आजमावलं नव्हतं.

ते लीड्समध्ये आजमावलं गेलं. तिथे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते प्रा. जॉन गोलिगर, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेतलं जगभर मानलं जाणारं नाव. त्यांच्या विभागातले डॉ. टिमथी डी डोंबल यांनी गोलिगरांबरोबर आतड्यांवरच्या व्रणांच्या आजाराचा अभ्यास केला होता. तो आजार वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे एकेका रुग्णाची बारीकसारीक नोंद चिकाटीनं ठेवायची सवय या माणसाला आधीपासून होती. माझ्या मते पुढच्या सगळ्याचं बीज त्या सवयीत आहे. संगणकाची आवड असलेले डॉक्टर तेव्हाही पुष्कळ होते.

त्यांच्या चमूनं संगणकाला हात लावण्याआधी पोटदुखीच्या 600 रुग्णांचा अभ्यास केला. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं. कळ कुठे सुरू झाली आणि आता कुठे आहे. किती तास झाले. एकसारखी दुखते की येऊन-जाऊन. हालचाल केल्यानं वाढते का, खोकल्यानं वाढते का. उलटी झाली का, भूक आहे का, शौचाला कशी होते, लघवीला जळजळ आहे का, पूर्वी असं कधी दुखलं होतं का, पोटाचं ऑपरेशन झालंय का. मग तपासणी: रंग, नाडी, ताप, श्वासाबरोबर पोट हलतं का, कुठे दाबल्यावर दुखतं, आतड्यांचे आवाज येतात का. आणि प्रत्येक खुणेची व्याख्या आधी ठरवलेली. पोट सावकाश दाबून हात झटकन सोडल्यावर कळ आली, तर ती कशी तपासायची आणि ‘आहे’ असं केव्हा लिहायचं, हे सगळ्यांचं एकच असलं पाहिजे. एका डॉक्टरचं ‘आहे’ आणि दुसऱ्याचं ‘थोडंसं आहे’ असलं की मोजणी निरर्थक होते.

शेवटी प्रत्येक कागदावर खरं उत्तर लिहिलं गेलं. ऑपरेशनमध्ये काय सापडलं, किंवा रुग्ण घरी गेला तेव्हा काय ठरलं, ते. मग सात गट केले: अपेंडिक्सचा दाह, पित्ताशयाचा दाह, जठराचा किंवा लहान आतड्याचा व्रण फुटणं, लहान आतडं अडणं, स्वादुपिंडाचा दाह, मोठ्या आतड्याच्या पिशव्यांचा दाह, आणि सातवा गट कारण न सापडता आपोआप थांबणाऱ्या पोटदुखीचा. आमच्या शिक्षणात या सातव्या गटाला नावच नव्हतं, आणि प्रत्यक्षात गर्दी त्याचीच असते.

गणित अवघड नाही. समजा, अपेंडिक्सच्या 100 रुग्णांपैकी 70 जणांची कळ बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरते, आणि पित्ताशयाच्या 100 पैकी फक्त 5 जणांची तशी उतरते. (हे आकडे माझे, समजावण्यापुरते.) मग कळ उतरलेला रुग्ण आला की पारडं अपेंडिक्सकडे 14 पटींनी झुकतं. पुढच्या उत्तरानं ते आणखी झुकेल किंवा मागे येईल. अशी तीस-चाळीस उत्तरं एकापाठोपाठ तोलत गेलं की शेवटी प्रत्येक आजाराची शक्यता हाती येते. यात एक गृहीत धरलेलं असतं, की या खुणा एकमेकींवर अवलंबून नाहीत. ते खरं नसतं. ताप असला की नाडी वाढतेच. तरीही व्यवहारात हिशेब पुष्कळसा बरोबर येतो. लीड्स विद्यापीठात केडीएफ-9 नावाचा संगणक होता, तो हा हिशेब करी.

चाचणी झाली 304 रुग्णांवर. रुग्ण निवडून घेतले नव्हते, येतील ते घेतले. निकाल 1972 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला: रुग्ण तपासणाऱ्या चमूतल्या सर्वात अनुभवी डॉक्टरचं निदान 79.6 टक्के वेळा बरोबर, संगणकाचं 91.8 टक्के वेळा. हे दोन आकडे पुढची पन्नास वर्षं पुस्तकांत, भाषणांत फिरत राहिले. यंत्रानं माणसाला हरवलं, असं शीर्षक त्यांना सहज चिकटतं. लीड्सच्या मंडळींनी मात्र तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की याचा खरा उपयोग थोड्याच रुग्णांत होईल. बाकीच्यांचं निदान अनुभवी डॉक्टर करतोच.

पण त्याच काळातले दुसरे दोन निष्कर्ष मला त्याहून कितीतरी मोलाचे वाटतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिला असा. प्रत्येक शहरात 600 रुग्ण मोजत कोण बसणार? अनुभवी डॉक्टरांनाच विचारू, की अपेंडिक्सच्या शंभरातल्या किती जणांना उलटी होते, आणि ते अंदाज संगणकात घालू. तसं करून पाहिलं. खऱ्या मोजणीवर चालणाऱ्या संगणकाची अचूकता 91.1 टक्के होती. डॉक्टरांच्या अंदाजांवर चालवल्यावर ती 82.2 टक्क्यांवर आली, म्हणजे खुद्द डॉक्टरांच्या 80.8 टक्क्यांच्या जवळपास. पित्ताशयाचा दाह आणि लहान आतडं अडणं ही निदानं तर अंदाजांवरच्या संगणकानं जवळजवळ केलीच नाहीत. म्हणजे यंत्र तेच आणि गणितही तेच, फक्त पोटात घातलेला माल वेगळा. आमच्या सरांच्या ‘बघून बघून’मध्ये जे होतं ते त्यांच्या बोटांत होतं. त्यांना तोंडानं आकडा विचारला असता, तर तो चुकलाच असता. पुस्तकातली ठळक, नमुनेदार केस डोक्यात बसते आणि रोज येणारी मोघम केस विसरली जाते.

दुसरा निष्कर्ष 1974 साली प्रसिद्ध झाला आणि तो वाचून मी अजूनही थांबतो. चाचणी चालू असताना तिथल्या डॉक्टरांचंच काम सुधारत गेलं. ऑपरेशनआधीच फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण चाचणीआधी 36 टक्के होतं, ते चाचणीच्या काळात 4 टक्क्यांवर आलं. विनाकारण पोट उघडण्याचं प्रमाणही झपाट्यानं घटलं. 1972 मध्ये चाचणी संपली आणि हे आकडे पुन्हा पूर्वीच्या दिशेनं सरकले. डॉक्टर तेच होते, हुशारी तीच होती. फरक एवढाच, की चाचणीत प्रत्येक रुग्णाला सगळे प्रश्न विचारावे लागत, आपलं निदान कागदावर लिहून मोकळं व्हावं लागत होतं, आणि ते बरोबर निघालं की चूक, हे थोड्याच दिवसांत कळत होतं. संगणकाशी बोलायचं तर नेमकं बोलावं लागतं, आणि त्या शिस्तीनं डॉक्टर सुधारले असावेत, हे लीड्सच्या मंडळींनी स्वतःच लिहून ठेवलं. स्वतःच्या शोधाबद्दल इतका प्रामाणिकपणा दाखवणारे संशोधक कोणत्याही काळात कमीच.

पुढे हे यंत्र लीड्सच्या बाहेर पडलं. कोपनहेगनला नेलं, तेव्हा तिथल्या रुग्णांवर ते लीड्सइतकं चाललं नाही. तिथे रुग्णालयात कोण येतं, केव्हा येतं, डॉक्टर खुणा कशा नोंदतात, सगळंच थोडं वेगळं. अमेरिकेच्या नौदलाला मात्र त्याची फार गरज वाटली. पाणबुडी महिनोन्महिने पाण्याखाली, आत डॉक्टर नाही, फक्त औषधोपचार शिकलेला एक खलाशी. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 मध्ये, ‘सीड्रॅगन’ या पाणबुडीत व्हीलर लाइप्स नावाच्या अशाच एका खलाशानं वाकवलेल्या चमच्यांनी जखम उघडी धरून सहकाऱ्याचं अपेंडिक्स काढलं होतं. तो रुग्ण वाचला. पण नौदलाला दर वेळी तसं धाडस नको होतं. पाणबुडी वर आणायची की औषधावर ठेवायचं, एवढं ठरवता यावं, म्हणून कनेक्टिकटमधल्या ग्रोटन इथल्या नौदलाच्या प्रयोगशाळेनं लीड्सचा प्रोग्रॅम पाणबुड्यांसाठी बेतून घेतला.

ब्रिटनमध्ये सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती आठ केंद्रांवर. 250 हून अधिक डॉक्टर, 16,737 रुग्ण. अहवाल 1986 चा. पहिल्या तपासणीतलं निदान बरोबर येण्याचं प्रमाण 45.6 टक्क्यांवरून 65.3 टक्क्यांवर गेलं. फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण 23.7 वरून 11.5 टक्क्यांवर आलं, विनाकारण उघडलेली पोटं जवळजवळ निम्मी झाली, मृत्यू 22 टक्क्यांनी घटले. चाचणीच्या काळात 278 शस्त्रक्रिया आणि 8,516 रात्रींच्या खाटा वाचल्या, असा हिशेब निघाला.

मी तेव्हा उत्तर इंग्लंडमधल्या एका जिल्हा रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर होतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रात्रपाळीला आमच्यासारखेच पुष्कळ, भारत-पाकिस्तान-श्रीलंकेतून आलेले. आमच्या रुग्णालयात संगणक नव्हता, पण रजिस्ट्रारनं कुठूनतरी त्या धर्तीचा फॉर्म मिळवून त्याच्या प्रती काढल्या होत्या. एकपानी. डावीकडे इतिहास, उजवीकडे तपासणी, खाली पोटाची दोन रेखाचित्रं: एक कळ सुरू झाली ती जागा दाखवायला, दुसरं आता दुखतं ती जागा दाखवायला. लिहायचं जवळजवळ काहीच नाही, योग्य शब्दाला गोल करायचा. यॉर्कशायरच्या म्हाताऱ्यांची बोली पहिल्या हिवाळ्यात मला अर्धीच कळे. तो कागद हातात असला की मात्र काही सुटत नसे. पहाटे तीनला दमलेल्या डोक्यानं विचारायचे राहून जाणारे प्रश्न कागद विचारायला लावायचा. तळाशी ‘तुमचं निदान’ आणि त्याखाली ‘अंतिम निदान’ अशा दोन रिकाम्या ओळी. दर शुक्रवारी दुपारी चहाबरोबर त्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्या जात. रागावणं नाही, टोमणे नाहीत. त्या शुक्रवारांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्येच आक्षेप येऊ लागले: फायदा जर फॉर्मचा आणि निकाल कळवण्याचा असेल, तर संगणक कशाला? आक्षेप रास्त होता. त्यातून निघायला हवा होता तो निष्कर्ष मात्र निघाला नाही. संगणक मागे पडला आणि त्याच्याबरोबर फॉर्मही गेला. एव्हाना दुसरी साधनंही आली होती. सीटी स्कॅननं पहिल्या माणसाच्या मेंदूचं चित्र घेतलं 1 ऑक्टोबर 1971 रोजी, लंडनमध्ये, म्हणजे लीड्सच्या त्याच काळात. पुढे ते तंत्र पोटापर्यंत आलं. 1986 मध्ये हॉलंडच्या ज्युलियन पायलार्ट यांनी सोनोग्राफीचा प्रोब हळूहळू दाबत अपेंडिक्स बघण्याची रीत दाखवली. त्याच वर्षी अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी फिलाडेल्फियातल्या रुग्णांवरून आठ खुणांचा, दहा गुणांचा तक्ता काढला. बोटांवर करता येणारा लीड्सचाच हिशेब तो, फार आटोपशीर. ‘अल्वाराडो स्कोअर’ आपल्याकडच्या एमएसच्या प्रबंधांचा लाडका विषय झाला. दर वर्षी कुणीतरी तो पन्नास-शंभर रुग्णांवर तपासतो, प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो, आणि त्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात तो तक्ता भिंतीवरसुद्धा नसतो.

परत आल्यावर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी लहानसं रुग्णालय चालवलं. लीड्सचे सात गट इथे अपुरे पडले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंगावर काढलेल्या टायफॉइडनं आतड्याला पडलेलं भोक, लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरचा टीबी, दारू पिणाऱ्या तरुणांच्या यकृतात अमीबामुळे झालेला गळवाचा पू, पोरांच्या आतड्यात जंतांचा गोळा होऊन बसलेली अडवणूक, उन्हाळ्यातला मुतखडा: लीड्सच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. तिथलं यंत्र मी तसंच आणून इथे लावलं असतं, तर त्यानं टीबीच्या रुग्णाला अपेंडिक्सचा ठरवलं असतं. कारण ज्या आजाराचं नाव त्याला शिकवलंच नाही ते नाव ते उच्चारू शकत नाही. कोपनहेगनमध्ये जे थोडं बिघडलं ते इथे फार बिघडलं असतं.

म्हणून फॉर्म मराठीत नव्यानं केला. तो दोनदा बदलावा लागला, कारण वेळेचा प्रश्न. ‘किती तासांपासून दुखतंय’ याला गावाकडे तासांत उत्तर येत नाही. ‘काल दिवेलागणीला’, ‘बाजाराच्या दिवशी’, ‘सकाळची एसटी गेल्यावर’ अशी येतात, आणि ती तासांहून जास्त खात्रीची असतात. तेव्हा फॉर्मवर दिवसाचे प्रहर आणि आठवड्याचे वार छापले, तासांचा हिशेब सिस्टर करायची. उसाच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या येत. कोयत्यावरच्या बायका पोट दुखत असतानाही मोळ्या बांधत राहायच्या, कारण खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. त्यांच्यासाठी ‘काम कधी थांबवलं’ असा एक प्रश्न वाढवला. दुखणं कधी सुरू झालं यापेक्षा काम कधी सुटलं, यावरून त्या किती आजारी आहेत ते अधिक चांगलं कळायचं.

सगळ्यात अवघड गेली ती शेवटची ओळ, अंतिम निदान. बरं वाटलं की रुग्ण परत येत नाही. वाईट झालं की सांगलीला किंवा मिरजेला जातो, आणि तिथे काय सापडलं ते आपल्याला कुणी कळवत नाही. काढलेल्या अपेंडिक्सचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट टाके काढून रुग्ण गेल्यावर येतो आणि फाइलला लागतो. टोळी पुढच्या कारखान्याला गेली की तर विषयच संपला. आमच्या थोरल्या सिस्टरनं एक वही घातली. रुग्णाचं नाव, गावातल्या दुकानाचा किंवा शेजाऱ्याचा फोन, आणि पुढे कोरा रकाना. रविवारी दुपारी त्या फोन करत. ‘वहिनी, दवाखान्यातून बोलते, पोट कसं आहे आता?’ एवढंच विचारायचं. उत्तर आलं की फॉर्मची शेवटची ओळ भरायची. लीड्समध्ये जे काम सबंध विभागानं केलं त्यातला महत्त्वाचा भाग आमच्याकडे त्या एका बाईनं केला, आणि त्यासाठी तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही. ती मी इथे देतो.

आता आजचं. यंत्रं आता कितीतरी पुढे गेली आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे. छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय सांगणारे प्रोग्रॅम जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या लोकांच्या चाचपणीसाठी मान्य केले. मुंबईत 2016 साली सुरू झालेल्या क्युअर.एआय या कंपनीचा असाच प्रोग्रॅम अनेक देशांत वापरला जातो. एक्स-रे वाचणारा डॉक्टर जिथे नाही तिथे हे वरदान आहे. पण ते का जमलं, हे बघा. एक्स-रेच्या शेजारी थुंकीच्या तपासणीचं खरं उत्तर ठेवता येतं. हजारो चित्रं, आणि प्रत्येकाला तपासून पाहिलेलं उत्तर. म्हणजे फॉर्मची शेवटची ओळ तिथे भरलेली असते.

जिथे ती नसते किंवा दुसऱ्याच गावची असते, तिथे काय होतं तेही समोर आलं आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरतोय असा आगाऊ इशारा देणारा एक प्रोग्रॅम अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत बसवला होता. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो आपल्याच रुग्णांवर ताडून पाहिला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध केलं, की असा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी 67 टक्के त्यानं ओळखलेच नव्हते. कोपनहेगनचा धडा 45 वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

आपल्याकडे सप्टेंबर 2021 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली प्रत्येकाला 14 आकडी आरोग्य क्रमांक मिळतो. सरकारी रुग्णालयात मोबाइलनं कोड स्कॅन केला की केसपेपर निघतो, रांग वाचते. चांगली सोय आहे. पण त्या केसपेपरवर पुढे काय लिहिलं जातं? ओपीडीत दुपारी एकला, दीडशेव्या रुग्णाच्या कागदावर: ‘पोटदुखी, तीन दिवस’, पोट मऊ असल्याची दोन अक्षरं, तीन गोळ्यांची नावं, सही. कळ कुठे सुरू झाली, नाही. काय निदान वाटलं, नाही. शेवटी काय निघालं, ते तर कुठेच नाही. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही, दीडशे रुग्ण एका माणसानं बघायचे तर दुसरं काही होत नाही. मात्र हेच कागद उद्या संगणकात जाणार, आणि त्यांच्यावर शिकलेलं यंत्र आपल्या नातवंडांची पोटं तपासणार. लीड्सनं 1972 सालीच दाखवून दिलं, की पोटात अंदाज घातले तर यंत्र अंदाज करणाऱ्याइतकंच उरतं. आणि इथे तर अंदाजही लिहिलेला नसतो.

म्हणून जिल्हा रुग्णालयांसाठी, वैद्यकीय महाविद्यालयांसाठी कोट्यवधींची यंत्रणा घेण्याचे प्रस्ताव येतात तेव्हा माझं मत एवढंच असतं, की त्यातला थोडा पैसा आधी दोन माणसांवर खर्च करा. अपघात विभागात फॉर्म पूर्ण भरला जातोय हे बघणारी एक, आणि घरी गेलेल्या रुग्णांना फोन करून शेवटची ओळ भरणारी दुसरी. एवढं एक वर्ष नीट चाललं की मग यंत्र आणा. ते कुठलंही असो, आपल्या रुग्णांवर ते खरं ठरतंय की नाही हे तपासायला तेव्हा आपल्या हातात काहीतरी असेल.

सर्जरी शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: संगणक तुमच्या वॉर्डात येवो न येवो, आपलं निदान ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहा, आणि शुक्रवारी ते उघडून बघा. आमच्या मराठी फॉर्मचा नमुना माझ्याकडे आहे. ज्याला हवा असेल त्यानं न्यावा, त्याच्या प्रती काढाव्यात, आपल्या भागातल्या आजारांप्रमाणे बदलावा. माझी अट एकच आहे: शेवटची ओळ कोरी सोडायची नाही.